दाराच्या माथ्यावरची फळी

घर गवंडी बांधतो असं लोक म्हणतात. म्हणू देत. गवंडी भिंती उभ्या करतो, सुतार आढं चढवतो, वर कौलं पडली की नारळ फोडून, पान खाऊन सगळे आपापल्या वाटेनं जातात. मागं उरतो तो गोठा. त्या गोठ्याचं घर करायचं काम आमच्यात माझ्याकडं होतं आणि त्यात मी कुणाला बोट घालू दिलं नाही.

जमीन आणि भिंत जिथं मिळतात तिथं कोपरा राहिला की केर बसतो, मुंग्या घर करतात. मी तिथं ओल्या मातीची गोलाई द्यायची आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं ती घोटायची, हात फिरवला तर कुठं अडखळू नये अशी. त्यावर चार बोटं कावेची तांबडी पट्टी. ती पट्टी ओढायला मला सूत धरावं लागत नसे. भिंतीतल्या खुंट्या सगळ्या एका रेषेत. एखादी बोटभर खाली गेली तर उपसून पुन्हा ठोकायला लावायची. कडी जिथं आपटते तिथं पितळेची चकती, नाहीतर वर्षाच्या आत लाकडाला खड्डा पडतो. दिव्याच्या कोनाड्याला वरून आधीच काळा पट्टा द्यायची, म्हणजे काजळी धरली तरी दिसायची नाही. पाहुणे आले की म्हणायचे, "घर कसं लख्ख हाय हो तुमचं!" कशानं लख्ख आहे ते त्यांना सांगता येत नसे. मला येत असे.

एवढी हौस कशाला, असं कुणी विचारलं तर मी उडवून लावायची. आता सांगायला हरकत नाही. बाराव्या वर्षी माझं लग्न झालं, चौदाव्या वर्षी प्लेगात नवरा गेला, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, मला निपाणीजवळच्या आमच्या गावी परत घेऊन आले. कपाळाला काही लावायचं नव्हतं, हातात काही भरायचं नव्हतं. मग मी भिंतीला लावायची. एवढंच होतं ते.

अशी बाई घरात राहिली की तिच्या जिभेला धार येते. माझ्या जरा जास्तच आली. त्यात एक खोड, जन्माची. समोरच्यानं वाक्य अर्धं बोललं की उरलेलं मीच पुरं करायची. आई चिडायची. "अगं, तोंड तिचं हाय, तिला बोलू दे की!" पण अर्धवट राहिलेलं मला बघवत नसे, भिंत असो नाहीतर बोलणं. ह्या खोडीनं मी एक घर मोडलं. तेच लिहायला बसले आहे.

माझा धाकटा भाऊ निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून होता. त्याला सगळे अण्णाच म्हणत, मीसुद्धा. त्याला बायको केली ती चिकोडीच्या पलीकडची. आमच्याच जातीतली, शेतकऱ्याचीच पोर, पण त्यांच्या घरात सगळं बोलणं कानडी. आप्पांना आणि अण्णाला कानडी येत होतं, बाजारापुरतं मलाही. तिला मात्र मराठी येत नव्हतं आणि आमच्या घरात दुसरं काही चालत नव्हतं. मग ती बिचारी दोन्हीचं कालवण करून बोलायची.

मला काय, आयतीच करमणूक. आल्या आल्या चौथ्या दिवशी तिनं आप्पांच्या हातावर पाणी घालताना विचारलं, "पाणी हाकू?" कानडीत हाकू म्हणजे घालू. मी चुलीपाशी होते. म्हटलं, "पाणी काय बैल हाय व्हय गं, हाकाय?" आप्पा हसले, आई हसली, अण्णा तर मिशीत हसला. ती पण हसली, पदर तोंडाला लावून. आणखी एकदा वासराला पाणी दाखवताना "बा, बा" करत होती. त्यांच्यात बा म्हणजे ये. मी गल्लीत सांगत सुटले, "आमची चिकोडी वासराला बाप म्हणती!" तिला मी चिकोडीच म्हणायची. ती मला आक्का म्हणायची, अहो-जाहो करायची. माझ्या मनात वाईट नव्हतं, हे मी कितीदाही सांगेन. पण ती हळूहळू कमी बोलायला लागली, हे मला दिसत होतं, आणि ती सुधारली असं मला वाटत होतं.

पाच वर्षांत तिला तीन मुलं झाली आणि तीनही गेली. पहिला मुलगा माहेरी, अकराव्या दिवशी. दुसरी मुलगी माळावरच्या झोपडीत. प्लेगाला भिऊन गाव उठून माळावर जायचं तेव्हाची ती झोपडी. तिसरा आठ महिन्यांचा होऊन गेला. बसायला लागला होता, भिंतीवरच्या माझ्या तांबड्या पट्टीवर नखं ओढायचा. मी ओरडायची त्याला. तो गेल्यावर त्या नखांचे ओरखडे मी सहा महिने तसेच ठेवले, मग आईनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं तेव्हा बुजवले.

नंतर आप्पांनी माळाच्या अलीकडं नवी जागा घेऊन तीन खोल्यांचं घर बांधायला काढलं. त्याच वेळी तिला चौथ्यांदा दिवस गेले. घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात एकच होतं. हे एवढं जगू दे. मी तर मनाशी गाठच मारली होती की बाळंतपण नव्या घरात होणार, आणि ते घर त्याआधी पुरं होणार. अर्ध्या घरात बाळंतीण ठेवायची नाही. झोपडीला ना कोपरा होता ना उंबरा, म्हणून ती मुलगी राहिली नाही, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. हसायचं त्यानं हसावं.

मागची खोली तिची. त्या खोलीला मी जे केलं ते उभ्या जन्मात कशाला केलं नाही. भिंतीला पांढऱ्या मातीचे तीन हात. खाटेच्या उशाला छोटा कोनाडा, तिचा हात पडल्या पडल्या पोचेल असा. पाळण्याच्या कडीखाली तुळईला पितळेचं फूल. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत कापसाची वात दाबून वरून लुकण लिंपलं. हे सगळं करताना ती कधी दारात उभी राहायची, बघायची. एकदा म्हणाली, "आक्का, तुमचा हात लई चांगला हाय." मी म्हटलं, "मग काय तर!"

सुतार खानापूरकडचा होता, म्हातारा. त्यानं पुढच्या दारावर गणपती कोरला. आतल्या दोन्ही दारांच्या माथ्याला नुसत्या फळ्या होत्या, काहीतरी कोरायला जागा सोडून. एक दिवस दुपारी मी मागच्या खोलीत पट्टी ओढत बसले होते. ती आली. सातवा लागला होता, चालणं जड झालं होतं. बाहेर आप्पा सुताराजवळ बसलेले, त्यामुळं तिनं तिकडं जाऊन बोलायचा प्रश्नच नव्हता. सून सासऱ्यासमोर परक्या माणसाशी बोलत नसे. म्हणून ती माझ्याकडं आली. आमच्या घरात इतक्या वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट.

"आक्का," ती म्हणाली, "माझ्या ह्या दारावर... बाळे काढाय सांगता?"

असं म्हणून एक हात पोटावर ठेवला. मग दोन्ही हात वर नेले आणि बाजूंना पसरले, उमलल्यासारखे. पुढं काहीतरी बोलणार होती. "आमच्यात, माझ्या आईच्या दारावर..." एवढं म्हणाली.

"कळलं गं, कळलं," मी म्हटलं. "जा तू, पड जरा. मी सांगती त्याला."

तीन मुलं गेलेली बाई पोटावर हात ठेवून बाळे म्हणते, हात वर करते. काय समजायचं माणसानं? मला दिसलं, बाळं. मूल वर उडवून झेलतात, तसे हात. माझे तर डोळेच भरले. म्हटलं, हिचं मराठी वाकडं असू दे, मन किती सरळ आहे. आणि मी तशीच उठले, हाताची काव पदराला पुसून.

सुताराला म्हटलं, "मागच्या खोलीच्या दारावर बाळ काढायचं."

"बाळकृष्ण? लोण्याचा गोळा घेतलेला?"

"देव नगं," मी म्हटलं. "देवाला काय, तो जगतोयच. माणसाचं काढा. रांगणारं."

म्हाताऱ्यानं पटाशी खाली ठेवली. "बाई, दारावर नुसतं पोर कोण काढत न्हाय. आणि ह्या खोलीत तर... तीन गेल्यात म्हणालतासा."

"तुम्ही पटाशी चालवा," मी म्हटलं, "जीभ नगं."

आप्पा काहीतरी बोलायला गेले. त्यांचंही वाक्य मी पुरं केलं. "तिनंच मागितलंय," म्हटलं.

चार दिवस लागले. म्हाताऱ्याचा हात खोटं बोलत नव्हता. बाळ जिवंत झालं. एक गुडघा पुढं, मान वर, तोंड जरा उघडं. मी त्याला जवसाचं तेल पाजलं, कडेनं बारीक तांबडी रेघ दिली. मग तिला हाताला धरून आणलं. "बघ."

तिनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता रडेल, मग मीही रडेन.

"हे कुणी सांगितलं काढाय?" तिनं विचारलं.

"मीच. दुसरं कोण? कसं झालंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला तेव्हा वाचता आली नाही. "चांगलं झालंय," म्हणाली आणि चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती मण्यांचं तोरण ओवायला बसली. मला आनंद झाला. म्हटलं, हिलाही शेवटचा हात कळायला लागला. आठ दिवसांत तोरण झालं, लांब झालरीचं, आणि तिनं ते त्या दारावर बांधलं. झालर बाळाच्या पायापर्यंत आली. बाळ झाकलं गेलं. मी तोरण वर सरकवलं. संध्याकाळी बघते तर पुन्हा खाली. मग मला राग आला. माझं एवढं काम, आणि हिनं वर फडकं टाकल्यासारखं केलं! पण विचारलं नाही मी. विचारलं असतं तर तिनं अर्धं सांगितलं असतं, आणि अर्धं मीच पुरं केलं असतं.

आठवा लागायच्या आत तिनं अण्णाला सांगितलं, बाळंतपणाला माहेरी जाते. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, चौथं कशाला? आई समजावून थकली. मी तर बोललेच, "खोली कुणासाठी केली मग? उंदरांसाठी?" तिनं माझ्या पायाला हात लावला आणि गाडीत बसली. अण्णा चिकोडीच्या वाटेनं तिला घेऊन गेला. गाडी वळेपर्यंत तिनं मागं बघितलं नाही.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी माणूस सांगत आला, जिवंत आहे, धडधाकट आहे. आईनं साखर वाटली. महिना झाला, सहा महिने झाले, पोर बसायला लागली. आठवा महिना उलटला त्या दिवशी आईनं देवापुढं दिवा लावून ठेवला आणि दिवसभर तो विझू दिला नाही. पोर जगली. पण आई-लेक परत काही येईनात.

अण्णा दोनदा आणायला गेला, दोनदा एकटा आला. दुसऱ्या वेळी जेवायला बसला आणि घास हातात तसाच धरून म्हणाला, "आक्का, ती म्हणती त्या दाराखालनं पोर घेऊन मी जायची न्हाय."

"दार काय खातंय तिला?"

"मला काय सांगत न्हाय गं. नुसतं रडती. ती फळी काढून टाकूया का?"

इथं माझ्या हातात सगळं होतं. व्हय म्हटलं असतं तर अर्ध्या तासाचं काम. चार खिळे. पण मी म्हटलं, "माझं काम मोडायचं न्हाय. तिनं मागितलं, मी दिलं. आता नखरे कशाला? आज फळी काढ म्हणती, उद्या आक्काला काढ म्हणंल." अण्णा मुखदुर्बळ माणूस. त्यानं घास परत ताटात ठेवला, हात धुतला आणि उठला. पुढं तोच महिन्या-दोन महिन्यांनी तिकडं जाऊन मुलीला बघून यायचा. मी खोली सारवत राहिले. दर पंधरा दिवसांनी पट्टी ओढायची, कोनाडा पुसायचा. निजायला कुणी नाही.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. त्या वर्षी घरटी एक तरी माणूस गेलं. आमच्याकडं आप्पा गेले. तिकडून निरोप आला तो आप्पांच्या तेराव्याच्या दिवशी. ती गेली होती. तीन दिवसांच्या तापात. अण्णा उंबऱ्यावर बसला आणि त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून तोंडात कोंबला, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मी तिथंच उभी होते. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवता आला नाही.

दोन महिन्यांनी तिची आई नातीला घेऊन आली. म्हातारी थकली होती, घरात दुसरं करणारं कुणी उरलं नव्हतं. तिला मराठी येत होतं, सावकाश बोलायची, शब्द शोधून. पोर अडीच वर्षांची, आईसारखीच कपाळानं रुंद. नव्या माणसांना बघून आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून बसली. मी काय काय दाखवलं तिला, गूळ, बाहुली, मांजर. बघेना.

माझी आई म्हणाली, मागच्या खोलीत ने, तिथं शांत वाटेल. खोलीत खुंटीला केळ्यांचा घड टांगलेला होता, पोरीसाठीच आणलेला. मी तिला काखोटीला मारून दाराशी आले. तोरण अजून तिथंच होतं, मणी धुरकट झालेले. पोरीनं मान वर केली, एकदम हात पुढं केला आणि पहिल्यांदाच बोलली.

"बाळे! बाळे!"

मी तोरण एका हातानं वर केलं. "व्हय गं माझी बाई, बाळ! तुझ्या आईनं मागितल्यालं बाळ हे. बघ, कसं रांगतंय." आणि तिला फळीजवळ उचलून धरलं. ती अंग टाकून मागं रेलली, रडायला लागली, हात खोलीकडं. "बाळे, बाळे!" मी पुन्हा तिचा हात धरून त्या बाळावर ठेवला. ती किंचाळलीच.

मागून म्हातारी आली. "आक्का, तिला केळं पायजे," म्हणाली. "बाळे म्हणजे केळ."

मला काय माहीत नव्हतं का? निपाणीच्या बाजारात बाळेहण्णू, बाळेहण्णू म्हणून कानडी बायका ओरडतात, मीच त्यांच्याकडून घेतलेला तो घड. शब्द मला येत होता. पण त्या दिवशी तिच्या तोंडून तो आला तेव्हा मी ऐकलाच नव्हता. मी माझाच ऐकला होता.

मी पोरीला खाली ठेवलं. एक केळं तोडून तिच्या हातात दिलं. ती गप्प झाली, सोलायला लागली. मी म्हातारीला विचारलं, "दारावर केळ... तुमच्यात काढतात का?"

"माझ्या दारावर हाय," ती म्हणाली. "माझ्या आईच्या पण होती. केळ तोडली तरी बुडातनं पिल्लू वर येतं, मरत न्हाय. आणि आमच्यात बाळ म्हणजे जगणं. बाळ, बाळ असं म्हणतो पोराला, जग म्हणून. लेकीनं इथं पण काढाय सांगितलंतं म्हणं." फळीकडं तिनं बघितलं नाही. "तिला वाटलं, तुम्ही हसलासा. तीन गेल्याली, म्हणून दारावर लेकरू टांगलं. पाणी हाकू म्हणून हसायचा, तसं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"न्हाय, ऐका," म्हातारी म्हणाली. मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. "तुम्हास्नी ती कधी वाईट बोलली न्हाय. ताप चढला तवा पण म्हणाली, आक्काचा हात चांगला हाय. पर माझं पोर जगावं असं त्यास्नी वाटत न्हाय, एवढंच म्हणायची."

त्या घरात ते पोर जगावं म्हणून माझ्याइतकं कुणाचं काळीज तुटलं होतं? खिडकीच्या फटीत वाती मी दाबल्या होत्या. पण हे कुणाला सांगायचं? जिला सांगायचं ती नव्हती. मी त्या गोलाई दिलेल्या कोपऱ्यात बसले आणि मोठ्यानं रडले, शेजारपाजार जमेल इतकं. चौदाव्या वर्षानंतर मी अशी रडले नव्हते.

फळी दुसऱ्या दिवशी काढली. चार खिळे. अण्णा म्हणाला जाळून टाकू, पण लेकरू चुलीत घालवेना. ती माळ्यावर आहे, भिंतीकडं तोंड करून. तो खानापूरचा सुतार मानमोडीतच गेला होता, आणि दुसऱ्याच्या हातचं मला नको होतं. तिथं कोरी फळी ठोकली आणि त्यावर मी स्वतः केळ काढली. बुंध्याला काव, पानांना पाल्याचा रस, बुडाशी दोन पिल्लं. आयुष्यभर सूत न धरता सरळ रेघा ओढलेला माझा हात, आणि केळ वाकडी आली. दर दिवाळीला पुसून पुन्हा काढते. अजून नीट जमली नाही.

म्हातारी आठ दिवसांनी गेली. पोर राहिली. मला आत्ती म्हणायला लागली. तिच्याशी दोन शब्द आईच्या भाषेत बोलावेत म्हणून मी बाजारातल्या बायकांकडून कानडी शिकायला लागले, पस्तिशी ओलांडलेली बाई. पण लहान पोरांचं काय, गल्लीत खेळून वर्षभरात ती सगळं विसरली. मराठी शाळेत जायला लागली, पाटीवर सुरेख अक्षर काढायची. हल्ली मोठमोठी माणसं वाद घालतात, हा मुलूख मराठी की कानडी. मला कुणी विचारत नाही ते बरं आहे.

ती आठेक वर्षांची होती तेव्हाची दिवाळी. मी स्टुलावर चढून केळीची पानं रंगवत होते. खाली ती आणि तिच्या चार मैत्रिणी.

"आत्ती, हे काय काढलंईस गं? मोरपीस?"

"न्हाय गं," मी म्हटलं. "बाळे."

ती खो-खो हसत सुटली. मैत्रिणींना ओढून ओढून दाखवायला लागली. "ए, बघा बघा! आमची आत्ती केळीला बाळं म्हणती!" सगळ्या हसल्या. चुलीपाशी आई होती, तीही हसली. अगदी माझाच आवाज होता तो, माझीच ओढ, माझाच ठेका.

मी स्टुलावरून खाली उतरले. कुंचला पाण्यात बुडवला. ती जवळ आली, माझा पदर ओढून म्हणाली, "केळ म्हण की, आत्ती. केळ."

"व्हय गं बाई," मी म्हटलं. "चुकलं माझं."